समोर उभे राहणारे आबा

काहीही लागलं, भाजलं, चावलं की आमच्या शेजारचे आबा डोळे मिटून आकडा सांगायचे. त्यांना विंचू चावला तेव्हा सगळी गल्ली धावली. आबा म्हणाले, "सहा. कालनी भाजी सात व्हती."

ही नोकरीची सवय. सैन्याच्या एका संशोधन केंद्रात त्यांचं आयुष्य गेलं. जमावाला न मारता लांबूनच परत फिरवायची यंत्रं तिथे बनत. कर्कश आवाजाची, अंग भाजणारी, घाण वासाची. चोपड्याजवळच्या आमच्या गावात लोक विचारायचे, "आबा, तुम्ही तठे कोनतं मशीन चालाडेत?"

"काहीच नही. मी समोर उभा ऱ्हाऊ."

मैदानाच्या पार टोकाला उभं राहायचं आणि त्रास किती झाला ते एक ते दहात सांगायचं, एवढंच काम. असा पगार घेणारा माणूस तुम्ही तरी पाहिलाय का?

पुढे आमच्या केळीत रानडुकरं शिरू लागली. माझे दीर, भाऊजी, म्हणाले की कुंपणाला तार बांधून तिच्यात रात्री वीज सोडतो. उजाडायच्या आत गवताला शेतात पहिली मी जाते. पण घरात मोठ्यानं बोलायची मला सवय नाही. बांधावर रडत बसले होते, ते आबांनी पाहिलं आणि कारण काढून घेतलं.

त्यांनी भाऊजींकडून आठ दिवस मागून घेतले. लग्नाच्या मांडवातला भोंगा आणला. कुकरची शिट्टी, ट्रॅक्टरचा हॉर्न, निवडणुकीचं भाषण, सगळं वाजवलं. स्वतः डुकरांच्या वाटेवर उभे.

"आबा, तुम्ही काय डुक्कर शेतस का?" भाऊजी हसले.

"डुकरले आकडा सांगता येत नही."

भाषणाला तर डुकरं बसूनच राहिली.

आठव्या संध्याकाळी एक डुक्कर सरळ आबांच्या अंगावर आलं. आबा हलेनात. आकडा ठरल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा त्यांचा नियम. मी किंचाळले. जन्मात पहिल्यांदा. डुक्कर मागे फिरलं, आबा पाटात पडले.

"नऊ!" चिखलातून आवाज आला.

प्रयोगाची नोंद म्हणून त्यांनी खिशातल्या मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं, त्यात माझी किंकाळी भरली गेली. मग रोज संध्याकाळी तीच भोंग्यातून वाजायची. मी लाजेनं पदर ओढून भाकरी थापायचे. डुकरं फिरकली नाहीत.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. नंतर भोंगाही बिघडला, डुकरं परत आली, आणि भाऊजींनी वीज सोडायला तार बाहेर काढली.

मी भाकरी तव्यावर तशीच सोडून बाहेर आले. "वावरमा पहिली मी जास. तारमा वीज सोडानी नही."

सासऱ्यांसकट सगळे बघत राहिले. हा आवाज त्यांनी फक्त भोंग्यातूनच ऐकला होता.

भाऊजींनी तार गुंडाळली आणि माळ्यावर टाकली.