मागच्या देशाचं औषध

सासरी तिला सगळे धाकटी म्हणत. धाकटी सून म्हणून एकदा चिकटलेलं नाव पन्नाशी उलटली, केस अर्धे पांढरे झाले, तरी सुटलं नव्हतं. दारावर इंटिरियर डिझायनर अशी पाटी होती खरी. पण नणंदेच्या लेखी ती धाकटीच, आणि तिचं काम म्हणजे लोकांच्या घरातलं सामान इकडचं तिकडे करणं.

नवरा पूल बांधणारा इंजिनियर. त्यामुळे सगळा संसारच पुलांच्या मागे फिरला. पूल झाला की लोक त्याच्यावरून पलीकडे जात आणि हे दोघं सामान बांधून दुसऱ्या देशात जात. एकोणीस वर्षांत तीन देश झाले. नवऱ्याचं बरं होतं. नदी इथूनतिथून नदीच. धाकटीला मात्र दर वेळी परक्या माणसांच्या घरात शिरून तिथे पलंग कुठे हवा ते सांगावं लागे.

पहिला देश थंडीचा. हिवाळ्यात दिवस असा उगवे की दात घासून होईपर्यंत मावळायला लागे. शेजारी एक विधवा म्हातारी राहायची. धाकटीनं छताचा मोठा दिवा लावला की ती हळूच दार वाजवून विचारी, "काही हरवलंय का?" तिच्या स्वतःच्या घरी छताला दिवाच नव्हता. सहा बुटके दिवे, कोपऱ्याकोपऱ्यात. धाकटीनं ते मनावर घेतलं. फर्निचरच्या एका दुकानात नोकरी धरली आणि जाड पडदे, गालिचे, मंद दिवे यांत ती तरबेज झाली.

दुसरा देश दाटीवाटीचा आणि दमट. घरं काडेपेटीएवढी. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. तिथे पाय पसरण्याआधी जेवणाचं टेबल घडी करून भिंतीत ढकलावं लागे. पहिलंच काम मिळालं एका शिंप्याच्या घराचं. धाकटीनं हौसेनं थंडीच्या देशातले पडदे लावले, भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा घातला. दोन महिन्यांनी शिंप्यानं बोलावून घेतलं. माणूस फार सभ्य. "गालिचा उत्तम आहे बाई," तो म्हणाला, "फक्त आता त्याच्यावर अळंबी उगवायला लागलीय." त्यानंतर ती तिथली विद्या शिकली: घडीचे पलंग, सरकती दारं, पायरीखालचे खण.

तिसरा देश उन्हाचा. घरं ऐसपैस, माणसं त्याहून ऐसपैस. तिथे एका व्यापाऱ्याच्या आईसाठी तिनं भिंतीत दडणारा पलंग केला. म्हातारीनं तो चार वेळा उघडून मिटून पाहिला आणि विचारलं, "पलंग लपवायचा कशाला? चोरून आणलाय का?" खोली एवढी मोठी की पलंग मिटल्यावर ती दिवसभर खोलीच्या मध्यभागी उभं राहून, बसावं कुठे याचा विचार करी. मग धाकटी तिथल्या बुटक्या बैठका आणि जाळीच्या खिडक्या शिकली, तोवर पूल झाला.

"तू नेहमी एक देश मागे असतेस," नवरा सामान बांधताना म्हणाला. "मागच्या देशाचं औषध पुढच्या देशाच्या रोग्याला देतेस."

धाकटी त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. खोटं असतं तर दोन तासांत विसरली असती.

मग ती दोघं कायमची घरी परतली, आणि पहिलं काम चालून आलं ते नणंदेचं.

नणंद म्हणजे जिभेला हाड नसलेली, पण मनानं लोण्यासारखी बाई. निदान लोणी आहे असं सगळे म्हणत. धाकटीच्या वाट्याला आजवर जीभच आली होती. नणंदेचे यजमान शाळेत भूगोल शिकवत. त्यांना सगळे मास्तर म्हणत, बायकोसुद्धा. चौतीस वर्षं त्यांनी जगाचा नकाशा शिकवला आणि स्वतः जिल्ह्याबाहेर गेले ते दोनदा, त्यातलं एकदा चुकीच्या बसमध्ये बसल्यामुळे. धाकटी भेटली की ते विचारत, "तिथलं सरासरी तापमान किती?" आणि उत्तर ऐकून समाधानानं मान हलवत, जणू तापमानानं त्यांचं ऐकलं होतं.

"अगं धाकटे," नणंद म्हणाली, "एवढे देश पालथे घातलेस, आता माझ्या दोन खोल्यांचं काहीतरी कर. आणि एक करच. हे मास्तर दिवसभर स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून पेपर वाचत बसतात. येता जाता ठेचकाळते मी. त्या दारातली ती धोंड एकदाची हलव."

"हलवते वन्सं," धाकटी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांसमोर तीनही देश एकदम उभे राहिले.

नणंद आणि मास्तर दोन महिने लेकीकडे राहायला गेले. इकडे धाकटीनं सुतारमिस्त्रीला हाताशी धरून कामाचा धडाका लावला. स्वयंपाकघराची भिंत दारासकट पाडली. धोंडीचा प्रश्नच मिटला. हॉलमध्ये उन्हाच्या देशातली बुटकी बैठक आली. छताचे दिवे गेले, थंडीच्या देशातले मंद दिवे आले. आतल्या खोलीत दमट देशातला घडीचा पलंग. आणि मास्तरांसाठी खिडकीशी खास वाचनकोपरा: खुर्ची, पाय ठेवायला तिवई, डोक्यावर वाकलेला दिवा.

मिस्त्री हात पुसत सगळं बघत उभा राहिला. तीस वर्षं याच कामातला माणूस, कमी बोलणारा. "मॅडम," तो म्हणाला, "घर छान झालं. फक्त हे घर आहे कुणाचं?"

"माझ्या नणंदेचं."

"बरं," मिस्त्री म्हणाला आणि हत्यारं भरायला लागला.

पहिले चार दिवस नणंद शेजारणींना बोलावून बोलावून घर दाखवत होती. पाचव्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आले. एकशेदहा किलोचा, आवाजानं त्याहून जड माणूस. ते बैठकीवर बसले. म्हणजे बसायला लागले, आणि अपेक्षा होती तिथे बैठक लागेना म्हणून बराच वेळ बसतच गेले. अर्धा तास पाण्याच्या टाकीवर बोलून उठायला निघाले तर उठता येईना. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला, मग पुन्हा टाकीचाच विषय काढला. नणंद चहा ठेवायला ओट्याशी गेली आणि तीस वर्षांच्या सवयीनं मास्तरांना म्हणाली, "हे आता हलणार आहेत की इथेच मुक्काम?"

पूर्वी मध्ये भिंत होती.

"हलायची इच्छा आहे वहिनी," सेक्रेटरी खालून म्हणाले, "कुणीतरी हात द्या."

मास्तर आणि शेजारचे दोघं मिळून त्यांना उभं करावं लागलं. त्यानंतर पंधरा दिवस सोसायटीच्या नोटिशीत आधी पाणी बंद झालं ते यांच्या मजल्याचं.

मग फोन सुरू झाले. मंद दिव्यांत भाजी निवडताना नणंदेनं मिरचीचे देठ ठेवले आणि मिरच्या टाकल्या. घडीच्या पलंगाची कडी मास्तरांनी नकाशा गुंडाळण्याच्या सवयीनं ओढली आणि उशीसकट पांघरूण भिंतीत गेलं. धाकटी प्रत्येक फोनला म्हणे, "सवय होईल वन्सं." शेवटी एक दिवस पलीकडून आवाज आला, तोही शांत. नणंदेचा शांत आवाज म्हणजे काय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"धाकटे, पिशवी भर आणि ये. आठ दिवस इथे राहून दाखव. मला सवय होत नाही, तुला होते का बघू."

नवऱ्यानं पिशवी आणून दिली. वर बोललाही नाही काही, याचाच धाकटीला जास्त राग आला.

पहिल्या दिवशी तिनं स्वतः केलेल्या बैठकीवरून उठताना गुडघा धरला. दुसऱ्या दिवशी गॅसशी उभी राहिली तेव्हा धुराच्या पंख्याच्या घरघरीत हॉलमधलं काही ऐकू येईना. तिसऱ्या दिवशी तिला मास्तर दिसले. म्हणजे दिसत रोजच होते, पण त्या दिवशी तिनं पाहिले. सकाळी पेपर आला. मास्तर तो घेऊन वाचनकोपऱ्यात गेले. दिवा लावला, बसले, उठले. ओट्यापर्यंत आले. इकडे तिकडे पाहिलं, पूर्वी जिथे दार होतं तिथे क्षणभर उभे राहिले, टेकायला हात भिंतीकडे नेला. तिथे भिंत नव्हती. मास्तर सावरले आणि गाडी चुकलेल्या माणसासारखे परत कोपऱ्यात जाऊन बसले.

"मास्तर, कोपरा आवडला नाही का?" धाकटीनं विचारलं.

"छे छे, उत्तम आहे. उजेड डावीकडून येतो, तसाच यावा." त्यांनी पेपरची घडी घातली. "पण काय आहे, मी पेपर वाचतो म्हणजे मोठ्यानं वाचतो. ती स्वयंपाक करता करता हं म्हणते. इथून वाचलं तर तिला पोचत नाही. परवा कुठे ज्वालामुखी जागा झाला. एवढी बातमी. मी वाचली आणि हं आलंच नाही."

त्या दुपारी धाकटी भाजी निवडायला नणंदेशेजारी बसली, खिडकीच्या उजेडात. "वन्सं, मास्तरांची अडचण आता होत नाही ना?"

"नाही," नणंद म्हणाली. थोडा वेळ तिनं देठ खुडले. "जगात काय चाललंय तेही कळत नाही म्हणा. मेलं जग बंद पडलंय का चालू आहे कुणास ठाऊक."

धाकटीच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिला थंडीच्या देशातली म्हातारी आठवली. सहा दिवे तिनं पाहिले होते, मोजले होते, सगळीकडे लावलेही होते. पण म्हातारीचा एक दिवा विणायच्या खुर्चीशी होता, एक मांजराच्या टोपलीशी, एक लेकाचं पत्र आलं तर जिथे बसून वाचायचं तिथे. हे तिला तेव्हा दिसलं होतं, पण लक्षात घेतलं नव्हतं. शिंप्याचं घडीचं टेबलही, मुलं झोपली की मशीन मांडायला जागा हवी म्हणून मिटत होतं. धाकटीनं प्रत्येक देशातून वस्तू उचलल्या आणि ती माणसं तिथेच ठेवून आली. एक ना धड भाराभर चिंध्या. एकोणीस वर्षांचा हिशेब एका शेंगेत निघाला, आणि ती शेंग किडकी होती.

सहाव्या दिवशी तिनं मिस्त्रीला बोलावलं.

"चौकट परत बसवायची," ती म्हणाली. "अर्धी भिंत, आणि दार नको, नुसती चौकट. पहिल्यापेक्षा हातभर रुंद. एका बाजूला स्टूल मावेल, दुसरीकडून माणूस जाईल."

मिस्त्रीनं तोंडातली पेन्सिल काढली. "पाडायलाही मीच, बसवायलाही मीच. असली गिऱ्हाइकं मला फार आवडतात." मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "तुम्ही विचारलं असतं ना मॅडम, तर मी पहिल्या दिवशीच सांगितलं असतं. त्या चौकटीला एका बाजूला पाठ घासून रंग उडाला होता. माणूस टेकत असल्याशिवाय असा उडत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही तीन देश फिरून आलेल्या. मी आपला सुतार."

धाकटीनं त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "इथून पुढे बोलायचं. वाईट वाटलं तरी बोलायचं."

बैठकीखाली वीतभर उंचीची लाकडी चौकट आली. ओट्यावर लख्ख दिवा आला. पलंगाची कडी काढून तो कायमचा उघडा ठोकून टाकला. भिंत उभी राहिली, रंग वाळला आणि मास्तर स्टूल घेऊन आले. धाकटीनं जागा नीट आखली होती. डावीकडे स्टूल ठेवलं की उजवीकडून नणंद परातीसकट जाऊ शकत होती. मास्तरांनी चौकट दोन्ही बाजूंनी न्याहाळली, भूगोलाच्या माणसाला शोभेल असा मध्यबिंदू काढला आणि स्टूल बरोबर मधोमध ठेवलं.

"बघ," नणंद ठेचकाळत म्हणाली, "कितीही रुंद कर. हा माणूस म्हणजे धोंड ती धोंडच." आणि पातेल्यात चमचा फिरवत म्हणाली, "त्या ज्वालामुखीचं पुढे काय झालं?"

धाकटीनं त्यानंतर एक नियम केला. कागदावर रेघ ओढण्याआधी गिऱ्हाइकाच्या घरी एक पूर्ण दिवस राहायचं. लोकांना आधी विचित्र वाटलं, मग त्याचीच चर्चा झाली आणि कामं वाढली. तिला 'मुक्कामाच्या बाई' असं नाव पडलं. अडचण एकच आली. बाई येणार म्हणून लोक आदल्या दिवशी घर इतकं आवरून ठेवत की काही कळेना. एका घरी तर आजोबांनाही इस्त्रीचे कपडे घालून सोफ्यावर बसवलं होतं आणि ते संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. मग ती ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशी जायला लागली. चुकून आले म्हणायची.

अशीच ती एका दाताच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांना हॉल मोठा करून हवा होता, त्यासाठी झोपायची खोली लहान झाली तरी चालेल म्हणाले. पाहुण्यांसमोर लाज वाटते. धाकटी कोपऱ्यात बसून दिवसभर बघत राहिली. हॉल तसाच रिकामा. डॉक्टरीणबाई, दोन मुली, म्हातारी सासू, दवाखान्यातून आल्यावर स्वतः डॉक्टर, एकेक करून सगळे झोपायच्या खोलीतल्या पलंगावर जमले. कुणी अभ्यास, कुणी वाटाणे, कुणी नुसतंच लोळणं. सासूबाईंनी धाकटीला हाक मारली, "तुम्ही का त्या ओसाड हॉलमध्ये बसलाय, या इकडे."

धाकटी जाऊन पलंगाच्या काठावर टेकली. कुणीतरी तिच्यापुढे वाटाण्याची परडी सरकवली.

"डॉक्टर," तिनं विचारलं, "तुमच्याकडे शेवटचे पाहुणे कधी आले होते?"

डॉक्टरांनी आठवून पाहिलं. बायकोकडे पाहिलं. "पाहुणे असे..." ते म्हणाले, "आज तुम्हीच आलात की."

"आणि मला कुठे बसवलंत?"

धाकट्या मुलीनं पाय आवळून घेतले आणि आणखी थोडी जागा केली. धाकटी मागे सरकून नीट मांडी घालून बसली, मांडीवर कागद घेतला आणि हॉलची भिंत आत सरकवून पलंगाची खोली मोठी करायला लागली.