जड झालेला क्लच

शाळेत प्रार्थना संपून मुलं वर्गांकडे वळत होती, तेव्हा प्राचीचा फोन आला. प्राची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. "आत्या, बाबा उठत न्हाईत," एवढंच ती म्हणाली. गेली तीन वर्षं त्या घरातून फोन आला की मी आधी हाच निरोप धरून चालायचे. मी मुख्याध्यापिकांना सांगितलं, पर्स उचलली आणि रिक्षात बसले. भिवंडीतलं कामतघर ते आमचं माहेरचं गाव वळ, अंतर असं कितीसं... पण अंजूरफाट्याच्या पुढे ट्रेलरांची रांग लागली होती आणि रिक्षा पाऊण तास एका जागी उभी राहिली. रिक्षावाला दोनदा मागे वळून म्हणाला, "मॅडम, आगे पूरा जाम है।" उतरून चालायला लागावं तरी पोचणार नाही, बसून राहावं तरी पोचणार नाही. माझा भाऊ गेला होता आणि मी एका गोदामाच्या कुंपणावरची पाटी पुन्हा पुन्हा वाचत बसले होते.

त्याचं नाव जनार्दन. आमच्याकडे मोठ्या भावाला दादूस म्हणतात, पण त्याला सगळं गावच दादूस म्हणायचं, त्याच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. विशीत तो टेम्पो चालवायचा. लूमच्या कारखान्यांत सुताच्या गोण्या टाकायच्या आणि कापडाचे तागे भरून आणायचे. त्यातल्या एका कारखान्याच्या शेठकडे जुनी, लांबलचक अमेरिकन गाडी होती. शेठच्या मुलीच्या लग्नात नेहमीचा ड्रायव्हर आला नाही म्हणून ती गाडी एक दिवस दादूसच्या हातात आली. घरी आल्यावर तो आईला सांगत होता, "आये, तिचा गिअर स्टेअरिंगवर हाय. आनि आवाज कसा, तर कोन पोटातून बोलतंय असा." शेठने त्याला गाडीची सगळी कुळकथा सांगितली होती. इंग्रजांच्या काळात त्या कंपनीने मुंबईत कारखाना टाकला होता, पेट्यांतून आलेल्या गाड्या तिथे जोडल्या जायच्या. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांत कंपनी गाशा गुंडाळून गेली आणि गाड्या मागे राहिल्या. पुढे कित्येक वर्षांनी तीच कंपनी भारतात परत आली, तेव्हा दादूसने पेपरातलं कात्रण टेम्पोच्या काचेला चिकटवलं होतं. जणू त्याच्याच घरचं कुणी परदेशातून येणार होतं.

वळला आमच्या भाताच्या शेतांवर गोदामं उभी राहिली आणि जमिनीच्या पैशांतून गावात घरोघरी मोठ्या पांढऱ्या गाड्या आल्या. दादूस ठाण्याला गेला आणि त्याच कंपनीची निळी अमेरिकन गाडी घेऊन आला. आकाराने लहान, पण दार लावलं की जाड धप्प असा आवाज यायचा, आणि तो आवाज ऐकवण्यासाठी तो पाहुण्यांना दोन-दोनदा दार लावायला सांगायचा. "हायवेला ऐंशीवर घे, पोटातलं पानी हलनार न्हाय," हे त्याचं ठरलेलं वाक्य. सर्व्हिसिंग महाग आहे, मायलेज बेताचं आहे, हे त्याला चारचौघांत कुणी म्हटलं की तो नुसता हसायचा. गावातल्या किती बायका बाळंतपणाला त्या गाडीतून गेल्या, याची यादी माझी वहिनी आजही तोंडपाठ सांगते. आमच्या आईचा शेवटचा दवाखानाही त्याच गाडीतून झाला. मागच्या सीटवर आई माझ्या मांडीवर होती, आणि खड्डा आला की दादूस आधीच सांगायचा, "आये, आता हलंल हां."

मग बातमी आली की कंपनी पुन्हा देश सोडून चालली. दादूस त्या दिवशी जेवला नाही. ठाण्याच्या शोरूमच्या जागी काही महिन्यांत सोफ्यांचं दुकान आलं. सुट्या भागांचा पुरवठा चालू राहील असं कंपनीने सांगितलं होतं आणि तो चालूही होता, नाही असं नाही. पण एखादा भाग मागवला की आठ दिवसांचे चाळीस दिवस व्हायचे. तेव्हा त्या गाड्यांच्या मालकांनी मोबाइलवर एक ग्रुप केला. त्यात नाशिककडचे, साताऱ्याचे, पार कोइमतूरचे लोक होते. दादूसने पडवीच्या बाजूची खोली रिकामी केली आणि कुर्ल्याच्या भंगारबाजारातून आरसे, दिव्यांच्या काचा, पंप, असलं सगळं आणून भरलं. कुणाची गाडी कुठे बंद पडली की 'भिवंडीच्या भाऊंना विचारा' असं ग्रुपवर यायचं. तो जेवताजेवता उठून उत्तर द्यायचा. टायपिंग त्याला जमत नसे, सगळं बोलूनच पाठवायचा. वहिनी वैतागायची. पण मला वाटतं, त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची वर्षं होती.

अशातच एकदा तो मला म्हणाला, "बाय, क्लच जड लागतंय."

गाडी जुनी होत चालली होती, त्यामुळे आम्हा कुणाला त्यात नवल वाटलं नाही. कामतघरला आमच्या घरामागे उस्मानभाईंचं गॅरेज आहे, उत्तर प्रदेशातल्या बस्तीकडून आलेला सज्जन माणूस. त्यांनी आधी वरवरची दुरुस्ती केली. आठ दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. मग अख्खा क्लच बदलायचं ठरलं. प्लेट मिळेना. दादूसने सगळीकडे फोन केले, मीही शाळेतल्या संगणकावर शोधाशोध केली, दोनदा चुकीच्या मॉडेलची आली. शेवटी कोइमतूरच्या एकाने पाठवली. या सगळ्यात पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत त्याच्या डाव्या पायातली चप्पल सारखी निसटायची, त्याने नवी घेतली, तीही निसटायची. गणपतीत पायरीला पाय अडकून तो पडता पडता राहिला, तेव्हा मीच म्हटलं होतं, "दादूस, ध्यान कुठं हाय तुझं? क्लचमधीच?" आणि सगळे हसले होते. मी सगळ्यात जास्त हसले होते...

नवा क्लच बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन परत गॅरेजवर आला. मी तिथेच होते. उस्मानभाई स्वतः बसले, एक फेरी मारून आले, उतरून हात पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "जनार्दनभाई, क्लच तो मक्खन है। गाड़ी में कुछ नहीं है। आप... अपना पाँव किसी डॉक्टर को दिखाओ।" दादूसने खाली आपल्या पायाकडे पाहिलं, मी पण पाहिलं. पँट गुडघ्याखाली सैल लोंबत होती. एक पोटरी दुसरीपेक्षा बारीक झाली होती आणि ती पाहायला आम्हाला एका परक्या माणसाने सांगावं लागलं.

पुढे मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात सुया टोचून, विजेचे झटके देऊन तपासण्या झाल्या. मेंदूकडून स्नायूंना जाणारे मज्जातंतूच मरत चालले आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. आधी पाय, मग हात, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. औषध आहे ते फक्त थोडं लांबवणारं. त्या तरुण डॉक्टरांनी सगळं नीट मराठीत समजावलं आणि नंतर कागद खालीवर करत राहिले. त्यांच्याही हातात काही नव्हतं. दादूसने विचारलं, "गाडी चालवली तर चालंल का?" ते म्हणाले, "आता नका चालवू." वहिनीला तेव्हा नीटसं कळलंच नव्हतं. ती परतताना म्हणत होती, "मग कवा यायचं परत? चेकिंगला?"

त्याने ऐकलं नाही, अर्थातच. एका रविवारी मला ठाण्याला सोडतो म्हणाला. मी नको म्हटलं, आणि तरीही जाऊन बसले. कशेळीला खाडीच्या पुलाअलीकडे नेहमीसारखी गर्दी होती, थांब-चाल, थांब-चाल. एका ठिकाणी त्याचा पाय क्लचवरून घसरला, गाडीने उडी मारली आणि पुढच्या टेम्पोपासून वीतभर अंतरावर बंद पडली. त्याने पुन्हा पाय ठेवायचा प्रयत्न केला. हाताने मांडी उचलून पाय पेडलवर ठेवला, तो तिथून पुन्हा खाली आला. मागे ट्रेलरचा भोंगा सुरू झाला, त्याच्या मागे आणखी दहा. दादूसने चावी काढली आणि माझ्यापुढे धरली. "बाय, तू घे." मला गाडी येत नव्हती. हे त्याला माहीत होतं. तरी त्याने चावी धरली होती आणि मी ती हातात घेऊन बसले होते. मागचा ट्रेलरवाला शिव्या देत खाली उतरला, खिडकीशी आला, त्याने आत पाहिलं. "चाचा, न्यूट्रल में डालो," म्हणाला, आणि त्याने एकट्याने ढकलत आमची गाडी कडेला लावली. दादूस रडला नाही. मला म्हणाला, "घरी सांगू नको."

त्यानंतर प्राची गाडी शिकली. हॉस्पिटलच्या खेपा तिनेच केल्या. दादूस शेजारी बसायचा. बोलणं जड झालं होतं, तेव्हा तो बोटं दाखवून तिला गिअर सांगायचा. दोन बोटं, तीन बोटं. मग बोटंही उचलेनाशी झाली. त्याचा आवाज नक्की कधी गेला, ते आम्हाला सांगता येणार नाही. ते एका दिवसात झालंच नाही. आधी 'र' गेला, मग त्याचं बोलणं फक्त वहिनीला कळायचं, मग तिलाही अंदाज करावा लागायचा. एक दिवस ती चार वेळा चुकीचं ओळखत राहिली, पाणी का, कुशीवर का, पंखा का, लघवी का... आणि त्याने डोळे मिटून घेतले. ती मोरीत जाऊन उभी राहिली. मी खोलीत होते, मलाही काही ओळखता आलं नाही. त्याला काय हवं होतं ते आजवर आम्हाला माहीत नाही.

मी एकदा डॉक्टरांना एकटीने गाठून विचारलं होतं, ते पाच महिने वाया गेले नसते तर? ते म्हणाले, काही फरक पडला नसता. हे खरं आहे, का मला बरं वाटावं म्हणून ते तसं बोलले, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून शोधत राहिले. दादूसजवळ मी हा विषय कधीच काढला नाही. आधी वाटलं, त्याला वाईट वाटेल. नंतर वाटलं, आता त्याला उत्तर देता येणार नाही, मग आपण बोलून मोकळं होणं म्हणजे त्याच्यावर आणखी एक ओझं. असं करता करता तो गेला.

बाराव्यानंतर वहिनी एकदाच म्हणाली, "आवाज आठवाला जातंय, तर येत न्हाय. मना तो शेवटचाच आठवतंय, घशातला." आम्ही घरातले सगळे मोबाइल पालथे घातले. फोटो पुष्कळ, गाडीसोबतचे तर शेकड्यांनी. लग्नाच्या चित्रफितींमध्ये बँजोचा दणदणाट आणि त्यात तो नुसता नाचताना. त्याचा स्वतःचा जुना मोबाइल पाण्यात पडून गेला होता, त्यातलं सगळं त्याच्याबरोबर गेलं. आवाज जाणार हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. साठवून ठेवावा, हे आम्हा शिकल्यासवरल्या माणसांना सुचलं नाही.

गेल्या रविवारी दुपारी अंगणात एक गाडी येऊन थांबली, तीच, पण लाल. सिन्नरकडचे एक गृहस्थ पत्नीसह उतरले. दादूसला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. ग्रुपवर उशिरा कळलं म्हणून आले होते. चहा घेताना ते सांगत होते, की एकदा कसारा घाटात त्यांचं इंजिन तापलं, वाफा यायला लागल्या, बरोबर बायको आणि म्हातारी आई, आणि 'भिवंडीच्या भाऊंनी' दीड तास सोबत केली. "एकेक पायरी बोलून पाठवत होते. मी ते काही पुसलं नाही वहिनी, अजून आहे," ते सहज म्हणाले. वहिनीने हातातली बशी खाली ठेवली. त्या गृहस्थांना कळेना, आपलं काय चुकलं. प्राचीनेच त्यांना म्हटलं, "काका, लावता का?"

त्यांनी मोबाइल टीपॉयवर ठेवला. आणि दादूस बोलायला लागला. खणखणीत, 'र'सकट. "हां साहेब, पयलं शांत व्हा. बोनेट आता उघडू नका, वाफ तोंडावर येल. एसी बंद करा. आईला सावलीत बसवा, तिला पानी द्या. घाबरू नका, मी फोनवर हाय." मागे भांड्यांचा आवाज येत होता. मग लांबून, स्वयंपाकघरातून असावं, वहिनीचा स्वतःचाच वैतागलेला आवाज आला, "अवो, भात निवला. जेवाला येता का न्हाय?" आणि तोंड जरासं बाजूला करून त्याने दिलेलं उत्तर, "आलो गो. दोनच मिन्टं."

तिथे ते संपलं. वहिनी मोबाइलकडे बघत बसली होती. मग ती त्या गृहस्थांना म्हणाली, "परत लावा."