दरीच्या काठावर स्तोत्रपठण

समस्त चारचाकी चालकांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की संकटकाळी देवाचा धावा अवश्य करावा. मात्र गाडीच्या काचा खाली करून.

हे ज्ञान मला भंडारदऱ्याहून सावेडीला परतताना झालं. श्रावणातली दुपार होती. धबधब्याखाली चिंब भिजलेले आम्ही चौघं गाडीत: मी, शेजारी माझी कमलआत्या, मागे बायको सुनंदा आणि इंजिनिअरिंगला असलेली लेक ऋता. आत्याच्या मांडीवर उकडलेल्या कणसांची वाफाळती पिशवी. बाहेर धुकं, भुरभुर पाऊस, म्हणून काचा बंद. थोड्याच वेळात समोरची काच दुधासारखी पांढरी झाली.

"बाबा, एसी लावा. काच साफ होईल," ऋता म्हणाली.

"एसी लावलास तर मी उतरून चालत येईन," आत्या म्हणाली. "माझे गुडघे धरतात."

आत्याला घाटात उतरवण्यापेक्षा काच पुसणं सोपं. मी हातानं पुसली. आत्यानं ओल्या पदरानं पुसली. (आता पांढऱ्यावर रेघाही आल्या.)

"तुला दिसतंय ना रे नीट?"

"वीस वर्षं गाडी चालवतोय मी, आत्या." हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

खरं तर मला स्टिअरिंगच्या पलीकडचं जगच दिसत नव्हतं. तेवढ्यात डावं चाक खाली गेलं आणि गाडी तिरकी झाली. मी करकचून ब्रेक दाबला. घाबरलो की माझा आवाज भलताच अधिकारवाणीचा होतो.

"कुणी हलू नका. डावीकडे पाचशे फूट दरी आहे."

(हा आकडा मला कुणी दिला, कोण जाणे.)

"सगळे उजवीकडे सरका," सुनंदा कुजबुजली. त्या दोघी उजव्या दाराला चिकटल्या. आत्या कणसांसकट माझ्या खांद्यावर आली. ब्रेकवरचा पाय काढायची माझी हिंमत नव्हती. दार उघडावं तर वजन हलणार. ऋताला यायचंच नव्हतं, मीच तिला ओढून आणलं होतं, एवढं एकच डोक्यात फिरत होतं.

आत्यानं स्तोत्र सुरू केलं. आम्हीही खड्या आवाजात सामील झालो. चार तोंडांची वाफ, कणसांची वाफ, ओल्या कपड्यांची वाफ! काचा आणखी पांढऱ्या, म्हणून भीती आणखी मोठी, म्हणून आवाजही आणखी मोठा. तिसऱ्या आवर्तनाला मला आत्याही धूसर दिसू लागली.

आणि काचेवर टकटक झाली. दरीच्या बाजूनं.

स्तोत्र जागच्या जागी थांबलं. पाचशे फुटांवर हवेत उभं राहून कोण ठोठावतंय? मी डोळे मिटून डावी काच खाली करायचं बटण दाबलं.

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. हातात खुरपं घेतलेला एक माणूस भाताच्या खाचरात उभा होता. घोटाभर चिखलात.

"काय पाव्हणं, आत भजन हाय व्हय? लई येळ ऐकतोय. चाक तेवढं खाली उतारलंय, जरा दामटा, निघंल."

ऋता माझ्याकडे बघत होती. मी बघायला दुसरीकडे जागा शोधत होतो. आत्यानं मात्र खिडकीतून वाकून तो चिखल नीट न्याहाळला आणि हात जोडले.

"बघ रे, एवढी पाचशे फूट दरी, पण बुजवली देवानं!"