नाटकातला भिल्ल

धारला आमच्या गणेशोत्सवात नाटकाच्या भूमिका रंग बघून वाटत. गोरा तो राजपुत्र, गव्हाळ तो प्रधान, आणि उरला काळा, तो मी. तीन वर्षं राक्षस झालो. चौथ्या वर्षी मास्तरांनी बढती देऊन दरोडेखोर भिल्ल केलं. नाटक त्यांनीच लिहिलेलं. त्यात भिल्लानं पिसं खोचून 'हू हू' करायचं, कच्चं मांस मागायचं, झाडावरच्या भोपळ्यावरचा नेम चुकवायचा आणि तो भोपळा पाडणाऱ्या राजपुत्राच्या तलवारीनं मरायचं. राजपुत्र माझा मावसभाऊ. गोरापान, पण डोक्यात काही राहील तर शपथ! त्याची भाषणंसुद्धा मीच पाठ करून घेतलेली.

धनुष्य मात्र खरं हवं होतं. वडिलांच्या कचेरीत मनावर गावाला टपाल नेणारा एक भिल्ल हरकारा होता. पांढराशुभ्र फेटा, मोजकं बोलणं. त्याच्याकडे धनुष्य मागितलं.

"कायके वास्ते, भिया?"

"नाटकात भिल्लाचं काम आहे माझं."

त्याचा चेहरा फुलला. "हमारो नाटक? तो म्हारी छोरी के भी लाऊँगा!"

आता आली का पंचाईत! खरं तेव्हाच सांगायला हवं होतं. मी भित्रा, गप्प बसलो. वर आठ दिवस त्याच्याकडून नेम शिकलो. त्याचे लोक बाण सोडताना अंगठा लावत नाहीत, तर्जनी आणि मधलं बोट यांत बाण धरून ओढतात. मी सवयीनं अंगठा लावला की तो हळूच बाजूला करी. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

नाटक दुपारी, देवळापुढच्या मांडवात. मास्तरांनी तेलात कालवलेली काजळी माझ्या तोंडाला फासली.

"मी काळाच आहे की," मी म्हणालो.

"भिल्ल याहून काळा पाहिजे," मास्तर म्हणाले.

खरा भिल्ल माझ्यापेक्षा उजळ होता, हे त्यांना कोण सांगणार? शेजारी मावसभावाला सफेद्याचे थरावर थर चढत होते.

पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर हरकारा पुढेच बसलेला. मांडीवर चार-पाच वर्षांची मुलगी, आणि नजर नेमकी आमच्या फटीकडे. हा माणूस आपल्या लेकीला हे दाखवायला घेऊन आला होता!

मी मागच्या बाजूला पळालो. प्रसादाच्या लाडवांसाठी ठेवलेलं मूठभर बेसन उचललं आणि तोंड घासघासून धुतलं. मला उजळ करायला आईनं जन्मभर बेसन चोळलं, ते कामी आलं त्या दिवशी. पिसं फेकली, वडिलांचं उपरणं डोक्याला गुंडाळलं आणि रंगभूमीवर गेलो.

'हू हू'ऐवजी "राम राम" म्हणालो. मास्तरांनी विंगेतून डोळे वटारले. मांस मागितलंच नाही. अंगठा न लावता बाण सोडला आणि तो थेट भोपळ्यात रुतला. मांडव टाळ्यांनी दणाणला. राजपुत्राचा बाण त्याच्याच पायाशी पडला. तरी भोपळ्याची दोरी धरून बसलेल्यानं ठरल्याप्रमाणे ती सोडली आणि माझ्या बाणासकट भोपळा खाली आला. लोक हसून हसून लोळले. मरणं मात्र भागच होतं, मेलो.

नाटक संपल्यावर हरकारा मुलीला कडेवर घेऊन मागे आला. मी मान खाली घालून धनुष्य पुढे केलं. "चुकलो. आधी सांगायला हवं होतं."

"छोरी पूछे है," तो म्हणाला, "वो धोळो भूत कुण थो, जिणे तमारे मार्‍यो?"

धोळो म्हणजे पांढरा. मावसभाऊ पलीकडेच सफेदा पुसत बसला होता. मला हसू आवरेना, हरकाराही हसला. मग त्यानं फेट्याचं टोक तांब्यात भिजवलं आणि माझा कान धरला.

"यां रई गी काजळी, भिया," तो म्हणाला, आणि कानामागची काजळी पुसून टाकली.