अडकित्ता घेऊन स्वातंत्र्यदेवीकडे

आई-बाबा पुण्याहून पहिल्यांदाच माझ्याकडे आले, तेव्हा मी त्यांना प्लेनोहून न्यूयॉर्कला घेऊन गेले. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बघायचा, हे बाबांनी व्हिसा मिळायच्या आधीच ठरवलं होतं. मी मात्र धास्तावले होते. रांगा, चौकश्या, अनोळखी माणसांशी बोलणं, सगळं माझ्यावर. आणि मी तर ऑफिसच्या मीटिंगमध्येही प्रश्न चॅटवर टाइप करते.

बोटीच्या धक्क्यावर विमानतळासारखीच तपासणी होती. बाबांची शबनम मशीनमध्ये गेली आणि पट्टा थांबला. गार्ड बाईंनी आतून अडकित्ता काढला.

"बाबा! हा इथे कशाला आणलात?"

"म्हणजे? जेवल्यावर सुपारी काय दातांनी फोडू?"

हे काय आहे, असं बाईंनी विचारलं. सगळं शिक्षण इंग्रजीत होऊनही मला एक शब्द सुचेना. मी हवेतच काहीतरी फोडून दाखवलं. त्या हसल्या, पण नियम तो नियम. टाकून द्या, नाहीतर परत न्या. ठेवायची सोय नाही.

"राहू दे," बाबा म्हणाले. "फोटोत पाहिलाय की पुतळा." अडकित्ता त्यांच्या वडिलांचा होता. शिवाय त्यांचं हे 'राहू दे' मला माहीत होतं. माझी शाळा, माझे क्लास, माझं इथलं शिक्षण, यांपायी त्यांनी असंच बरंच काही राहू दिलं होतं.

"तुम्ही दोघं जा. मी हा घेऊन बाहेर थांबते."

"एकटे?" आई घाबरली. "आणि चुकलो म्हणजे?"

"अगं, बेट आहे ते," बाबा एकदम खुलले. "चुकून जाणार कुठे?"

त्यांच्या फोनला इथलं नेटवर्क नव्हतं, हे बोट सुटल्यावर माझ्या लक्षात आलं. तीन बोटी परत आल्या, त्यांत ते नव्हते. चौथीच्या वेळी मी बाकावरून उठले आणि धक्क्यावरच्या माणसाला विचारायला निघाले. वाक्य मनात तीनदा जुळवलं होतं. तेवढ्यात आई दिसली. एका अनोळखी आजींचा हात धरून उतरत होती.

"जवळून केवढी मोठी आहे गं," बाबा म्हणाले. "आणि चक्क हिरवी!"

फोनमध्ये दोघांचे पंधरा-वीस फोटो होते. काहींत देवीचं डोकं उडालेलं.

"हे कुणी काढले?"

"दिसेल त्याने," आई म्हणाली. "फोन पुढे करायचा आणि हसायचं. कळतं सगळ्यांना."

चार वर्षं मी या देशात फक्त सेल्फी काढत होते.

"उद्या ब्रुकलिनचा पूल ना?" बाबांनी विचारलं. "तू आराम कर हवं तर. आम्ही जाऊन येतो."

"मीपण येणार!"

"ये की. पण फोटो काढायला माणूस तू शोधायचास."

मी नुसतं "बघू" म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुलावर चारपाच जणांना जाऊ दिलं, मग एका बाईंपुढे फोन धरला. आमच्या तिघांचा तो फोटो जरा तिरका आलाय.