नन्नाच्या गाडीतल्या गाठी

त्या माणसाला सगळे 'नन्ना' म्हणायचे, आणि उगीच नाही. काम लिफ्ट दुरुस्तीचं आणि तोंडी कायम नन्नाचा पाढा. चहा घेता का? नाही. सुट्टीत कुठंतरी जाऊ या? नाही. मुलाने सायकल मागितली, बायकोने खिडक्यांना पडदे मागितले, उत्तर ठरलेलं. पुढे सायकलही यायची, पडदेही यायचे, पण आधी 'नाही' म्हटल्याशिवाय गड्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

लाड केले ते एकाच गोष्टीचे. घरामागच्या शेडमधली लाल, दोन सिटांची जुनी स्पोर्ट्स कार. सांगाडा भंगारातून आणला, इंजिन दुसरीकडून, दारं तिसरीकडून, आणि वायरिंग स्वतःच्या हाताने केलं. गाडी इतकी बुटकी की बायको म्हणायची, "गाडी कसली, चाकं लावलेली चटई आहे ही!" सुट्टीच्या दिवशी तो तिच्यात जाऊन बसायचा, टेप लावायचा आणि गायचा. घरात साधं गुणगुणायचं नाव नाही, गाडीत मात्र खुल्या गळ्याने. गाणंही एकच, वर्षानुवर्षं तेच.

मग अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. सगळे शब्द वाहून गेले, मागे एकच उरला. कोणता, तर 'हो'! आता काय म्हणावं या थट्टेला? भूक लागली? हो. पोट भरलं? हो. दुखतंय का? हो. नाही ना दुखत? हो. बोटांनी खुणा करायला सांगावं, तर बोटंही मनातलं सोडून भलतंच सांगायची. डोळ्यांत मात्र सगळं कळत असल्याचं दिसे, आणि तेच घरच्यांना बघवत नसे.

मुलगा औषधांच्या दुकानात काम करायचा. गोळ्यांची प्रत्येक पट्टी जिथल्या तिथे लावणारा, टापटिपीचा माणूस. त्याला एकच ध्यास लागला होता: बाबांच्या तोंडून दुसरा एखादा शब्द ऐकायचा. कुठलाही चालेल, शिवी दिली तरी चालेल. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "कधी कधी बोलणं जातं आणि गाणं राहतं. त्यांच्या आवडीचं काही लावून बघा." त्याने ते गाणं मोबाइलवर शोधून उशाशी लावलं. नन्नाने भिंतीकडे तोंड फिरवलं. अहो, जो घरात कधी गायला नाही, तो आजारपणात गाणार? तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, गाडीतच वाजवायला पाहिजे."

पडून पडून गाडीतला टेपही राम म्हणून बसला होता. मुलाने नवा स्टिरिओ आणला, जुना उपटून काढला आणि आत हात घातला. हातात आलं वायरींचं जंजाळ. सगळ्या वायरी एकजात पांढऱ्या! लाल नाही, काळी नाही. लिफ्टच्या कामातून उरलेली वायर नन्नाने सगळ्या गाडीत फिरवली होती. त्यात प्रत्येकीच्या टोकाशी वेड्यावाकड्या गाठी, कुठे एक, कुठे दोन, कुठे चार. टापटिपीच्या माणसाला ते बघवेना. त्याने कात्री घेतली, सगळ्या गाठी छाटल्या, टोकं एकसारखी सोलली आणि चाकाच्या खुर्चीतून नन्नाला शेडमध्ये आणलं.

"बघा बाबा, कसं साफ केलं!"

"हो!" नन्ना ओरडला. "हो! हो! हो!"

मुलगा हरखला. "आवडलं ना?"

"हो! हो!" नन्नाचा डावा हात खुर्चीवर आपटत होता, तोंड लाल झालं होतं. तो इतका पुढे झुकला की पडता पडता राहिला. जमिनीवरचा गाठींचा एक तुकडा उचलून त्याने मुलाच्या तोंडापुढे नाचवला. आवाज ऐकून आई धावत आली, तिने तुकडा पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"अरे, काय करून बसलास! त्या गाठी यांच्या खुणा होत्या. लिफ्टच्या खड्ड्यात मिट्ट काळोख, रंग कुठून दिसणार? गाठी चाचपून वायर ओळखायचे. जन्मभर तसंच काम केलं यांनी."

"मग किती गाठींची कोणती, ते सांग ना."

"मला कुठे सांगितलं? मी विचारलं की म्हणायचे, नाही, तुला नाही कळायचं."

 मुलाने एक वायर धरून विचारलं, "बाबा, करंटची ही का?" हो. "का ही?" हो. "स्पीकरची कोणती, ही?" हो. नन्नाने बोटं दाखवून पाहिली. आधी तीन, मग पाच, मग आपल्याच बोटांकडे बघून त्याने मूठ आवळली. उत्तर तिथे, दोन हातांवर, त्या डोक्यात पडून होतं, आणि बाप-लेक दोघांनाही ते बाहेर काढता येत नव्हतं. मुलाने अंदाजाने दोन वायरी जोडल्या. फट् झालं, फ्यूज उडाला. नन्नाने डोळे मिटून घेतले.

पुढचे काही दिवस दुकानातून आला की मुलगा शेडमध्ये. एक छोटा दिवा वायरींना लावून बघायचा. चावी न फिरवता पेटला, तर कायमच्या करंटची. चावी फिरवल्यावर पेटला, तर चावीवर चालणारी. उरलेल्या वायरींना पेन्सिल सेल टेकवून दारांतले स्पीकर कुठे खरखरतात ते ऐकायचा. नन्ना खुर्चीत बसून बघायचा. चुकतंय हे त्याला आधीच दिसायचं, तो घशातून घुसमटल्यासारखा आवाज काढायचा, आणि मुलगा वैतागून म्हणायचा, "बाबा, कळतंय मला! पण काय करू?" मग स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटून बापाला पाणी पाजायचा.

शेवटी एकदाचा स्टिरिओ लागला. नन्नाला त्या चटईत बसवताना दोघांचा जीव मेटाकुटीला आला. मुलाने गाणं लावलं आणि दाराशी उकिडवा बसला. सुरुवातीचं संगीत संपलं. नन्नाचे ओठ हलले. आणि तो गायला! शब्दन् शब्द, स्वच्छ, आवाज थोडा फाटका, पण सुरात. मुलाला रडू आवरेना. आनंदाच्या भरात त्याने मधेच गाणं बंद केलं.

"बाबा, बोला! आता बोला! काहीही! एकदा नाही तरी म्हणा!"

नन्नाने तोंड उघडलं. जबडा हलला, कपाळाला घाम आला, मानेच्या शिरा ताणल्या.

"हो," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

 मुलगा जिथून निघाला होता तिथेच परत आला होता, आणि आता पुढे करायला काही उरलंही नव्हतं. आई ओले हात पुसत आली.

"बंद का केलंस?"

"आई, ते नुसतं गाणंच येतंय गं. बोलता येतच नाही त्यांना."

"ऐकलं मी. हो बाजूला, आणि पहिल्यापासून लाव."

ती वळसा घालून दुसऱ्या सिटवर बसली आणि तिने दार ओढून घेतलं. मुलगा बाहेर उभा राहिला. तिसऱ्या माणसाला त्या गाडीत जागाच नव्हती. नन्ना पहिलं कडवं गायला. मधलं संगीत सुरू झालं तशी आई त्याच्याकडे वळून सांगू लागली: नळ पुन्हा गळतोय, तुमच्या बहिणीचा फोन आला होता, रात्री मला एकटीला भीती वाटते हो. दुसरं कडवं आलं की ती थांबायची, तो गायचा. ते संपलं की हिचं पुन्हा सुरू. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, नवरा-बायको गप्पा मारताहेत.

गाणं संपलं की आई समोरच्या काचेवर टकटक करायची, आणि मुलगा खिडकीतून हात आत घालून ते पुन्हा लावून द्यायचा.