तक्रारीचा सत्कार

माणिकप्पा म्हणजे लातूरच्या एका कॉलेजातले हेडक्लार्क. सगळा जन्म मिटवामिटवीत गेलेला माणूस. कुणीही रडत आलं की "मी बघतो" म्हणायचं आणि साहेबांपुढं जाऊन मान डोलवायची. पण त्या नरसिंगचं नाव निघालं की तेही तोंड वाकडं करायचे.

अंध मुलांना पुस्तकं वाचून दाखवायला कॉलेजानं ठेवलेला हा नरसिंग, संस्थेच्या अध्यक्षांच्या साडूचा पोरगा. शिरूर अनंतपाळची उमादेवी कान टवकारून समोर बसायची आणि हा गडी तंबाखू मळत खुशाल पानंच्या पानं गाळायचा. विचारलं तर म्हणायचा, "तुला शिकून कुठं कलेक्टर व्हायचंय?" शी! मेल्याच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं.

उमादेवी ऑफिसात आली. "काका, परीक्षा तोंडावर आलीय. दुसरा माणूस द्या. नापास झाले तर आप्पा घरीच बसवून घेतील, मग संपलंच."

"मी बघतो, माय," माणिकप्पा म्हणाले.

प्राचार्य ऐकताच भडकले. "नवा जिल्हा झालाय, परवा कलेक्टरसाहेब येतायत. दुष्काळात हॉस्टेलला टँकर मागायचाय, अन् तुम्ही अध्यक्षांना दुखवायला निघालात? उलट नरसिंगचा सत्कारच ठेवा, अंधांची सेवा करतो म्हणून. शाल त्याच मुलीच्या हातून घाला. मिटली तक्रार."

काय हा निर्लज्जपणा! माणिकप्पांच्या तोंडात थुंकी दाटली. ती त्यांनी गिळली आणि मान डोलवली.

कार्यक्रमादिवशी मांडवात उन्हाची नुसती आग होती. पाहुण्यांना शाल घालायचीय, असं सांगून माणिकप्पांनीच उमादेवीच्या हातात शाल दिली आणि तिला धरून स्टेजवर आणलं. माइकवर नरसिंगचं नाव पुकारलं आणि पोरगी जागीच थांबली.

"काका, तुम्ही तर दुसरा माणूस देणार होते ना?"

माणिकप्पांनी हळूच तिचा दंड पुढं लोटला. तशी ती मागं वळली, चाचपडत तिनं त्यांचे खांदे शोधले आणि ती लोकरीची शाल त्यांच्याच अंगावर नीट पांघरली.

"ही तुमचीच हाय. तक्रार तुम्ही मिटवली."

एवढं बोलून ती एकटीच पायऱ्या चाचपत खाली उतरली. समोरच्या पोरांना वाटलं, सत्कार हेडक्लार्कचाच. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. आणि माणिकप्पांनी, जन्माची सवय ती, हात जोडून मान डोलवली.